जुना वाडा राहता करताना नवे साहित्य कुठे आणि कसे वापरावे

विदर्भातील खेड्यांत मालगुजारांचे आणि पाटील-देशमुखांचे अनेक वाडे अजून उभे आहेत. मातीच्या किंवा विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब व तुळया, मधला चौक, ओसरी आणि वर कवेलू (कौले) किंवा मातीचे धाबे म्हणजे सपाट छत, अशी त्यांची घडण असते. असा वाडा पाडून स्लॅबचे घर बांधण्यापेक्षा तोच आजच्या सोयींनी राहता करणे मला नेहमीच अधिक शहाणपणाचे वाटते. त्यासाठी एक पथ्य मात्र सुरुवातीपासून पाळावे लागते. नवे साहित्य स्वतःच्या आधारावर उभे करावे, जुन्या भिंतीवर लादू नये.

काम काढण्यापूर्वी ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरांच्या कर-आकारणीची नोंद, पाहून सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. लोणार किंवा मार्कंडा यांसारख्या ठिकाणी वाडा केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत असेल, तर दुरुस्तीलाही पूर्वपरवानगी लागते.

त्यानंतर भेगा तपासाव्यात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पायाही त्याबरोबर हलतो. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी बसवून दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की करावीत आणि बाजूला तारीख लिहावी. एक पावसाळा व एक उन्हाळा उलटूनही काच शाबूत राहिली, तर ती भेग जुनी व स्थिरावलेली समजावी; काच तडकली, तर भेग बुजवण्याआधी पायाजवळ पाणी कुठून येते ते शोधावे. बहुतेकदा कारण चौकातील तुंबलेली मोरी किंवा भिंतीलगत पडणारी पागोळी हेच असते.

भिंतीच्या बाबतीत सर्वांत मोठे नुकसान सिमेंटच्या गिलाव्याने होते. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून ती बाहेर पडून वाळते, सिमेंटमागे मात्र ती कोंडते, वर चढत जाते आणि लोणा (क्षार) धरून भिंत आतून भुसभुशीत करते. म्हणून खालच्या तीन-चार फुटांवर पूर्वी कुणी सिमेंट मारले असेल, तर ते हलक्या हाताने उतरवावे आणि भिंत एक उन्हाळा उघडी ठेवावी. पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणारे आपले ऊन या कामी फार उपयोगी पडते. नवा गिलावा मात्र दिवाळीनंतर करावा, कारण मे महिन्यात चुना घट्ट होण्याआधीच सुकतो आणि तडकतो. विटांच्या भिंतीला नीट विझवून मुरवलेला एक भाग चुना आणि तीन भाग वाळू व सुरखी (विटांची भुकटी) पुरेशी होते. मातीच्या भिंतीला आधी माती-भुशाचा थर देऊन वर चुन्याचा पातळ हात द्यावा. त्यावर प्लास्टिक इमल्शन रंग लावला, तर सगळे श्रम वाया जातात. चुन्याची सफेदीच द्यावी.

सागवान सहसा मधोमध खराब होत नाही. तुळईचे जे टोक भिंतीत गाडलेले असते तिथे ते कुजते किंवा उधळी (वाळवी) लागते. तिथली थोडी माती काढून पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत गेला, तर तेवढाच भाग कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्याने जोडावा आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळाव्यात. सागवान विकत घेताना पावती व वाहतूक परवाना जपून ठेवावा. खांबांवरचा ऑइलपेंट काढल्यावर जवसाचे तेल चोळल्यास लाकडाचा मूळ रंग उजळतो. तेलाची फडकी मात्र गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात; लगेच पाण्यात भिजवावीत.

धाब्यावर वर्षानुवर्षे माती चढत गेलेली असते, आणि एक फूट थराचे वजन दर चौरस फुटाला सुमारे 45 ते 50 किलो भरते. जादा माती उतरवून वर हवेसाठी मोकळी जागा सोडून पत्र्याचे छप्पर घातले, तर तुळयांवरचा भार कमी होतो आणि खोली थंडही राहते.

आता आतली सजावट. न्हाणीघर व संडास शक्यतो मागच्या अंगणात स्वतंत्र पायावर, जुन्या भिंतीपासून थोडे सुटे बांधावेत. तिथे सिमेंट, टाइल्स व वॉटरप्रूफिंग खुशाल वापरावे. मॉड्युलर किचन पायांवर उभे करावे, भिंतीपासून दोन इंच अंतर ठेवावे आणि आयएस 710 शिक्क्याचे, म्हणजे ओलीत टिकणारे मरीन प्लायवूड घ्यावे. वरची कपाटे मातीच्या भिंतीत खिळवण्याऐवजी जमिनीपासून उभ्या केलेल्या लोखंडी चौकटीवर टांगावीत. वायरिंगसाठी भिंतीत चर खोदू नये. भिंतीवरून पाइप नेऊन त्यातून तारा ओढाव्यात आणि 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) व चांगले अर्थिंग घ्यावे. जिप्समचे फॉल्स सीलिंग मी सुचवणार नाही, कारण त्यामागे गळती आणि उधळी दोन्ही लपतात.

कूलर सागवानी खिडकीत कधीही अडकवू नये. तो बाहेर लोखंडी अँगलच्या घोडीवर, भिंतीला न टेकता ठेवावा, त्याचे सांडपाणी पाइपने मोरीपर्यंत न्यावे आणि समोरच्या बाजूची एक खिडकी उघडी राहील अशी सोय करावी.