शब्द पाळणारा प्रोजेक्ट मॅनेजर: सवय कशी लावायची

प्रोजेक्ट मॅनेजरवर लोकांचा भरवसा बसतो तो रोजच्या छोट्या सवयींमुळे. सुरुवात दिलेल्या शब्दापासून करा. एक वही ठेवा आणि मीटिंगमध्ये "बघतो", "करून देतो" असं जे जे बोललात ते तारखेसह तिच्यात लिहा. रोज संध्याकाळी १० मिनिटं ती चाळा. जे जमणार नाही ते मुदत उलटण्याआधी, निदान २ दिवस आधी, फोन करून सांगा आणि नवी तारीख द्या.

सगळ्यात अवघड गुण म्हणजे वाईट बातमी लवकर सांगणं. "काम ९० टक्के झालं" हे वाक्य आठवडेच्या आठवडे तसंच राहतं, कारण उरलेल्या १० टक्क्यांत टेस्टिंग, दुरुस्त्या आणि मंजुऱ्या दडलेल्या असतात. म्हणून टक्के विचारूच नका. काय पूर्ण झालं, काय उरलं, कशानं अडलंय, एवढंच विचारा. कुणी उशीर कबूल केला तर आधी आभार माना, मग कारण विचारा. चारचौघांत एकदा जरी झापलंत, तरी पुढच्या वेळी टीम अडचण लपवेल आणि अहवालातला कामाच्या स्थितीचा रंग शेवटच्या आठवड्यापर्यंत हिरवाच, म्हणजे "सगळं ठीक" असाच, दिसेल.

अंदाज तुमचा चुकला असेल तर क्लायंटसमोर तसं स्पष्ट म्हणा. टीममधल्या कुणाचं नाव पुढे करू नका. श्रेय देताना मात्र नाव घ्या, नेमकं काम सांगा आणि हे ईमेलनं कळवताना त्या व्यक्तीच्या वरिष्ठांनाही त्यात ठेवा.