गोळीबारानंतर काय करायचं, टेक्सासमधल्या मराठी घरांसाठी

६ मे २०२३ ला, शनिवारी दुपारी, डॅलसजवळच्या ॲलन गावातल्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबारात आठ जणांचा जीव गेला. डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या मराठी लोकांमध्ये त्या मॉलमध्ये कधी गेलेलंच नाही असं घर सापडणं कठीण आहे, भारतातून आईबाबा आले की परतीच्या बॅगा भरायला आपण तिथेच जातो. गेलेल्यांमध्ये हैदराबादहून आलेली एक तरुण इंजिनियर होती, आणि एका कोरियन घरातले आई, बाबा आणि तीन वर्षांचं बाळ होतं, मोठा मुलगा तेवढा वाचला. हे लिहायचं कारण असं की अशा वेळी मदत करायची इच्छा आपल्या सगळ्यांना असते, पहिले दोन दिवस आपण धावतोही, पण तिसऱ्या आठवड्यात त्या घरी कोणी फिरकत नाही आणि कायद्याचं काय झालं हे तर कोणी विचारतच नाही. खरी गरज तर त्यानंतरच लागते, दुःखातही आणि कायद्यातही. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं सगळं पहिल्या दिवशी करायचं नाहीये.

पहिले काही तास

आधी घरच्या ग्रुपवर एकच मेसेज टाका, आम्ही सगळे सुखरूप आहोत, कुठे आहोत, आणि आता फोन करू नका मीच करीन. ॲलनला झालं तेव्हा इथे दुपारचे साडेतीन म्हणजे पुण्यात रात्रीचे दोन, तिकडची माणसं सकाळी उठून टीव्ही लावणार आणि त्यांचा जीव टांगणीला लागणार, म्हणून झोपलेले असले तरी मेसेज आत्ताच पाठवा. मग ज्या मित्राचा पत्ता लागत नाही त्याच्या घरी एकाच माणसाने फोन करायचा, पन्नास जणांनी नाही.

व्हिडिओ फॉरवर्ड करू नका. ॲलनच्या वेळी मृतदेहांचे फोटो ट्विटरवर काही तासांत पसरले होते आणि त्यातला प्रत्येक देह कोणाचं तरी मूल होतं, कोणाची तरी आई होती. मारणाऱ्याचं नाव आणि फोटोसुद्धा नको. कोलोरॅडोतल्या ऑरोराच्या थिएटरमधल्या गोळीबारात २०१२ साली मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी नो नोटोरायटी नावाची मोहीम त्यासाठीच सुरू केली, मारणाऱ्याला प्रसिद्धी मिळू नये म्हणून.

शाळेतून मेसेज आला तर आधी शब्द नीट वाचा. सिक्युअर म्हणजे धोका बाहेर आहे, बाहेरचे दरवाजे बंद, आत वर्ग चालू. लॉकडाऊन म्हणजे धोका आत आहे, दिवे बंद, मुलं कोपऱ्यात गप्प. लॉकडाऊन असेल तर मुलाला फोन करू नका हो, प्लीज, रिंग वाजली तर लपलेली जागा कळते. शाळेकडेही गाडी घेऊन धावू नका, रस्ता ॲम्ब्युलन्सला लागतो, शाळा रीयुनिफिकेशनची, म्हणजे मुलं पालकांच्या ताब्यात देण्याची, जागा कळवते तिथे फोटो आयडी घेऊन जा. एक गोष्ट आजच करून ठेवा, आजीआजोबा सहा महिन्यांसाठी आलेले असतील तर त्यांचं नाव पिकअप लिस्टमध्ये घाला आणि पासपोर्ट कुठे ठेवलाय ते त्यांना दाखवून ठेवा, कारण त्या दिवशी तुम्ही ऑफिसात अडकलात तर आयडीशिवाय नातवंड ताब्यात मिळणार नाही. हे सिक्युअर-लॉकडाऊनचे शब्द ज्या संस्थेने शाळांना दिले ती कोलोरॅडोतल्या एका आईवडिलांनी काढली. २००६ मध्ये प्लॅट कॅन्यन हायस्कूलमध्ये ओलीस धरलेल्या त्यांच्या मुलीने शेवटचा टेक्स्ट केला होता, आय लव्ह यू गाइज, आणि तेच त्या संस्थेचं नाव आहे.

घरातल्या लहानांना थोडक्यात आणि खरं सांगा. एका माणसाने लोकांना मारलं, लोकांना वाईट वाटतंय, मला पण वाटतंय, तुझ्या शाळेत तुला सांभाळायला माणसं आहेत. बातम्या बंद ठेवा, लहान मुलांना तेच दृश्य पुन्हा दिसलं की ते पुन्हा घडलं असं वाटतं. मोठी मुलं आपल्या आधीच सगळं बघून बसलेली असतात, त्यांना भाषण देऊ नका, काय पाहिलंस ते विचारा आणि ऐका. स्वतःला झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर १-८००-९८५-५९९० हा अशा घटनांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, २४ तास चालू असतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्याकडे

इथे सगळ्यात जास्त काम आहे आणि ते बरंचसं कागदाचं आहे. देह लगेच मिळत नाही, तो काउंटीच्या मेडिकल एक्झामिनरकडे, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरकडे, असतो. भारतात न्यायचा असेल तर ह्यूस्टनच्या भारतीय कॉन्सुलेटची परवानगी लागते, त्यासाठी डेथ सर्टिफिकेट, एम्बाल्मिंगचं (देह टिकावा म्हणून केलेल्या प्रक्रियेचं) सर्टिफिकेट, संसर्गजन्य आजार नसल्याचं पत्र आणि पासपोर्ट, हे बहुतेक फ्युनरल होमला माहीत असतं पण आपल्यातलं कोणीतरी एकजण फाइल घेऊन त्यांच्या मागे लागायला हवं. आईवडील तिकडून येणार असतील तर व्हिसाची इमर्जन्सी अपॉइंटमेंट मिळू शकते, मात्र आधी नेहमीचा फॉर्म भरून, फी भरून, जी मिळेल ती तारीख घ्यावी लागते आणि त्यानंतरच इमर्जन्सीची विनंती करता येते. बरेच जण इथेच अडकतात. हे काम महाराष्ट्र मंडळातल्या अशा माणसाला द्या ज्याला फॉर्म भरताना रडू येणार नाही, घरच्यांकडून ते होणार नाही.

पैशाचं म्हणाल तर टेक्सासच्या ॲटर्नी जनरलच्या ऑफिसात गुन्ह्यातल्या पीडितांसाठी क्राइम व्हिक्टिम्स कॉम्पेन्सेशन म्हणून योजना आहे, अंत्यविधी, दवाखाना, काउन्सेलिंग, बुडालेला पगार असे खर्च त्यात येतात, त्यांच्या वतीने तो अर्ज भरून द्या. लोकांकडून जमवायचे असतील तर कोणाच्याही गोफंडमीची (ऑनलाइन देणगीच्या पानाची) लिंक पुढे ढकलू नका, घरच्यांनी स्वतः काढलंय का ते आधी विचारा. खोटी पानं काही तासांत उभी राहतात. मोठ्या घटनांमध्ये नॅशनल कम्पॅशन फंड असतो, जमलेले सगळे पैसे ते पीडितांनाच देतात.

वस्तू पाठवू नका. कनेटिकटमधल्या न्यूटाउनला, जिथे सँडी हुक शाळेत १४ डिसेंबर २०१२ ला पहिलीतली २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, तिथे जगभरातून साठ हजारांच्या वर टेडी बेअर आले, गोदाम लागलं, माणसं लावावी लागली, शेवटी जे वाटूनही उरलं ते जाळून त्याची राख गावाने जपून ठेवली. पाठवणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, पण मुलं गमावलेल्या गावाला खेळणी मोजत बसावं लागलं.

जेवण मात्र न्या. आपल्याकडे सुतकात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात, तेच इथे करायचं, फक्त एक यादी करा म्हणजे एकाच दिवशी चार घरांतून खिचडी येणार नाही, आणि परत न करायच्या डब्यात न्या म्हणजे त्यांना भांडी घासायला नको. शेजारी मेक्सिकन किंवा कोरियन असतील तर काय चालतं ते विचारा, साधा भात आणि चिकन सूप बऱ्याच घरी चालतं. घरात गेल्यावर "देवाची मर्जी", "नशिबात होतं", "तिथे गेलेच कशाला" यातलं काहीही बोलू नका. शेवटचं वाक्य तर आपल्या तोंडून सहज जातं, आणि ऐकणारी आई ते आयुष्यभर विसरत नाही. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण असेल तर सांगा, नसेल तर नुसते बसा. डोळे पुसायला लागले की लगेच "रडू नका" म्हणू नका.

जे मागे राहिलेत त्यांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवा. २४ मे २०२२ ला टेक्सासमधल्याच उवाल्डेच्या रॉब एलिमेंटरी शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, त्यातल्या एका शिक्षिकेचा नवरा दोनच दिवसांनी हार्ट अटॅकने गेला, चार मुलं पोरकी झाली. बीपीची गोळी घेतली का, पाणी प्यायलात का, रात्री सोबत कोण आहे, हे विचारणारा एक माणूस रोज ठरवून हवा. आणि फोनमध्ये रिमाइंडर लावा, तीन महिन्यांनी, वाढदिवसाला, पहिल्या दिवाळीला, वर्षश्राद्धाला. तोवर गर्दी ओसरलेली असते.

कायद्याची मागणी

घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या माणसाचा फोटो पोस्टरवर लावायचा नाही. काही आईवडील दुसऱ्या दिवशी माइक हातात घेतात, काहींना वर्षभर शब्द फुटत नाही, काहींचं मत आपल्यापेक्षा वेगळं असतं, आणि तिन्ही मान्य करायला हवं. मागणी आपण आपल्या नावाने करू शकतो.

"गन कंट्रोल पाहिजे" एवढंच म्हटलं तर समोरचा मान डोलावतो आणि काही होत नाही, नेमकं मागा. उवाल्डेच्या मारेकऱ्याने १८ पूर्ण झाल्यावर काही दिवसांत दोन रायफली कायदेशीर विकत घेतल्या. दुकानातून हँडगन घ्यायला २१ वर्षं लागतात, रायफलीला १८ पुरतात, म्हणून वय २१ करा ही एक मागणी. पार्कलँडच्या शाळेत १७ जण गेल्यावर फ्लोरिडाने तीन आठवड्यांत हे केलं, तिथे रिपब्लिकन गव्हर्नर असताना, त्यामुळे होऊच शकत नाही असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण द्या. दुसरी, खासगी विक्रीतही बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्याची गुन्ह्यांची वगैरे नोंद तपासणं. मिडलंड-ओडेसाला २०१९ मध्ये सात जणांना मारणारा माणूस दुकानातल्या चेकमध्ये नापास झाला होता, मग त्याने एका खासगी माणसाकडून रायफल घेतली. तिसरी, घरातली बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती. टेक्सासच्या सँटा फे हायस्कूलमध्ये २०१८ ला १० जण गेले ते मारणाऱ्या पोराच्या बापाच्या बंदुकांनी, आणि टेक्सासच्या कायद्यात मुलाच्या हाती बंदूक लागू देणं गुन्हा आहे खरा पण मूल म्हणजे १७ पेक्षा लहान, आणि तो पोरगा १७ चाच होता. रेड फ्लॅग कायदा, म्हणजे धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक कोर्टाच्या हुकमाने काही काळ काढून घेणं, वीसहून जास्त राज्यांत आहे, टेक्सासने मात्र २०२५ मध्ये त्याला बंदी घालणाराच कायदा केला.

हे सगळं कुठे अडतं ते समजून घेतलं पाहिजे. २०२३ ला वय २१ करणारं बिल ऑस्टिनला, टेक्सासच्या राजधानीत, आलं, एचबी (हाउस बिल) २७४४. एप्रिलमध्ये सुनावणी होती, उवाल्डेचे आईवडील सकाळी आले आणि बारा तासांहून जास्त थांबल्यावर रात्री त्यांना बोलायला मिळालं. त्यानंतर बिल कमिटीत नुसतं पडून राहिलं. ६ मे ला ॲलन झालं, ८ मे ला ते ८ विरुद्ध ५ मतांनी कमिटीतून पास झालं, दोन रिपब्लिकन आमदारांनीही हो म्हटलं, कॅपिटलमध्ये, म्हणजे विधानभवनात, आईवडील एकमेकांना मिठी मारून रडले. आणि लगेच दुसऱ्या रात्री बिलं कॅलेंडरवर, म्हणजे सभागृहात चर्चेला येणाऱ्या बिलांच्या यादीत, घ्यायची मुदत संपली, हे बिल त्यावर आलंच नाही. सभागृहात मतदानसुद्धा झालं नाही. म्हणून म्हणते, गोळीबाराच्या आठवड्यातल्या मेणबत्त्यांपेक्षा मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या मंगळवारचा फोन जास्त उपयोगी पडतो.

फोन कसा करायचा: टेक्सास लेजिस्लेचरच्या साइटवर हू रिप्रेझेंट्स मी नावाचं पान आहे, पत्ता टाकला की तुमचे आमदार आणि खासदार दोन्ही दिसतात. राज्याचं बिल असेल तर ऑस्टिनच्या ऑफिसला, देशाचं असेल तर वॉशिंग्टनच्या कॅपिटलचा फोन बोर्ड २०२-२२४-३१२१. फोन एखादा तरुण कर्मचारी उचलतो, त्याच्याशी वाद घालायचा नाही, तो फक्त नोंद करतो. नाव, झिप कोड, बिल नंबर, बाजूने की विरोधात, आणि एक वाक्य, माझी मुलगी इथल्या शाळेत तिसरीत आहे. मिनिटभराचं काम आहे, ॲक्सेंटची काळजी करू नका, रात्री केलात तर व्हॉइसमेल असतो.

एच-वन व्हिसावर आहोत, चालेल का, हा प्रश्न नेहमी येतो. फोन, पत्र, शांततेच्या मोर्चाला जाणं, हे मतदानाचा हक्क नसलेल्यांनाही करता येतं. निवडणुकीच्या प्रचाराला पैसे देणं मात्र ग्रीन कार्ड मिळेपर्यंत बेकायदेशीर आहे, पाच डॉलरसुद्धा नाही. मोर्चात पोलिसांनी जागा सोडायला सांगितली तर लगेच सोडा, कारण अटक झाली आणि केस नंतर काढून टाकली तरी व्हिसाच्या फॉर्मवर ते लिहावं लागतं.

जे कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही तेही आहे. मुलं कोणाकडे खेळायला जाणार असतील तर कुत्रा आहे का, पूल आहे का हे विचारतो तसंच विचारा, घरात बंदूक आहे का आणि कुलपात असते का. इथे या प्रश्नाचा बरेच लोक राग मानत नाहीत, उलट कुठे ठेवलीय ते दाखवतात. आणि आपल्याकडेही आता काही घरांत बंदुका आहेत, त्यांनाही विचारा.

ऑस्टिनचं अधिवेशन विषम वर्षी, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी सुरू होतं आणि १४० दिवस चालतं. बिलं आधीच्या नोव्हेंबरपासून दाखल व्हायला लागतात, तेव्हाच मंडळातल्या दोघातिघांनी नंबर शोधून ठेवावेत. सुनावणीला जायचं ठरलं तर डबा, पाण्याची बाटली, चार्जर आणि स्वेटर घेऊन जा, दिवसभर थांबावं लागेल असं धरूनच चला. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, कागदावर लिहून आणा. बोलायचं नसेल तर कॅपिटलमधल्या मशीनवर नुसतं नाव आणि फॉर (बाजूने) एवढीच नोंद करता येते, आणि ऑस्टिनला जाणं जमत नसेल तर हाउसच्या (खालच्या सभागृहाच्या) बऱ्याच सुनावण्यांना टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना घरून ऑनलाइन लेखी मत पाठवता येतं.