परराष्ट्र खात्याचा खर्च कसा वाचायचा

अर्थसंकल्प आला की निवृत्त राजदूत म्हणून मला एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, आपण भूतानला एवढे पैसे का वाटतो?" विचारणाऱ्याने आकडा पाहिलेला असतो, पण तो कुठल्या रकान्यातला, हे पाहिलेलं नसतं. परराष्ट्र धोरणावर मत जरूर द्या, कडक द्या. पण त्याआधी पाऊण तास काढून खात्याची पानं स्वतः वाचा. टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा तो वेळ सार्थकी लागेल.

१ फेब्रुवारीला अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर प्रत्येक मंत्रालयाची अनुदानाची मागणी, म्हणजे संसदेकडे मागितलेल्या खर्चाचा तपशील येतो. परराष्ट्र मंत्रालयाची उघडा, मोजकीच पानं आहेत. आधी प्रमाण डोक्यात बसवा. २०२५-२६ साठी खात्याला सुमारे २०,५१६ कोटी मिळाले आणि केंद्राचा एकूण खर्च होता ५०.६५ लाख कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले चाळीस पैसे. "परदेशावर उधळपट्टी" असं कुणी म्हणालं, की हे चाळीस पैसे आठवा. माझं मत विचाराल तर एवढ्या मोठ्या देशाला ते कमीच आहेत. संसदेच्या स्थायी समितीनेही अपुऱ्या तरतुदीवर आणि मनुष्यबळाच्या टंचाईवर वारंवार बोट ठेवलं आहे.

आता रकाने. खरी मेख इथे आहे, म्हणून सावकाश वाचा. चार रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचाच सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. २०२३-२४ मध्ये मूळ अंदाज सुमारे १८,०५० कोटींचा होता आणि सुधारित अंदाज गेला २९,१२१ कोटींवर. मग २०२४-२५ साठी २२,१५४ कोटी जाहीर झाले. सुधारिताशी तुलना केली तर ही २४ टक्के कपात, मुळाशी केली तर जवळपास २३ टक्के वाढ. दोन्ही मथळे खरे, आणि दोघांनाही आपापल्या राजकारणापुरती अर्धी गोष्ट सांगता येते. माझी पद्धत सोपी आहे: मूळ अंदाजाची तुलना मूळ अंदाजाशीच करायची, सुधारित आकडा इतका का हलला ते ओळ धरून शोधायचं, आणि निकाल द्यायचा तो प्रत्यक्ष खर्च आल्यावर. त्यासाठी दोन वर्षं थांबावं लागतं. तेवढा धीर चर्चेतल्या पाहुण्यांकडे नसतो.

मग देशवार मदतीच्या ओळी पाहा. २०२५-२६ मध्ये भूतानला २,१५० कोटी, नेपाळला ७००, मालदीवला ६००. भूतानचा आकडा पाहून लोक दचकतात. पण त्यात अनुदान आणि कर्ज असे दोन भाग असतात, ते वेगळे करा. तिथले जलविद्युत प्रकल्प आपण असेच उभे केले: चुखाला ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज, मांगदेछूला ३० आणि ७०. कर्जाचे हप्ते परत येतात, वीजही आपल्याकडे येते. याला दानधर्म म्हणणाऱ्याने नकाशा उघडून भूतान कुठे आहे ते पाहावं. उलट पुनात्सांगछू-१ सारखा २००८ मध्ये सुरू झालेला प्रकल्प डोंगर घसरल्याने वर्षानुवर्षं रखडतो, तेव्हा टोकदार प्रश्न विचारायलाच हवेत.

घोषणांचं गणित वेगळं करा. मार्च २०२४ मध्ये पंतप्रधानांनी भूतानच्या तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी १०,००० कोटी जाहीर केले. आकडा दणदणीत वाटतो, पण पाचाने भागला की वर्षाला दोन हजार कोटी. घोषणा कुठल्याही पक्षाच्या सरकारची असो, आधी वर्षांनी भागा, मग तरतुदीच्या रकान्यात ती दिसते का ते बघा.

काही पैसा या पानांवर दिसतच नाही. आयात-निर्यातीला पैसा पुरवणाऱ्या सरकारी एक्झिम बँकेमार्फत दिलेली पतकर्जं (ठरावीक मर्यादेपर्यंत लागेल तशी उचलायची कर्जं) तिथे मिळणार नाहीत, त्यांच्या व्याजाचा भार अर्थ मंत्रालयाकडे असतो. २०२२ मध्ये श्रीलंकेला केलेल्या सुमारे चार अब्ज डॉलरच्या मदतीतला मोठा वाटा पतकर्जं, चलन अदलाबदल (मध्यवर्ती बँकांनी ठरावीक मुदतीसाठी एकमेकींना चलन देणं) आणि लांबणीवर टाकलेली देणी असा होता. ऑक्टोबर २०२४ मधली मालदीवसोबतची ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदल रिझर्व्ह बँकेची. संकटात सापडलेल्या कामगारांना परत आणण्यासाठी वापरला जाणारा भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे, तो मुख्यतः दूतावासांच्या पासपोर्ट, व्हिसा अशा कॉन्सुलर सेवांवरच्या शुल्कातून भरतो.

दूतावासांच्या खर्चाबद्दल थोडं घरचं सांगतो. तरतूद रुपयात होते, पण भाडं, स्थानिक पगार, वीजबिल परकी चलनात. रुपया घसरला की एकही माणूस न वाढता खर्च वाढतो, म्हणून वाढ दिसली की आधी विनिमय दर तपासा. आणि मार्च बघा. वर्षाच्या तरतुदीपैकी शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांहून आणि मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च करू नये, असा अर्थ मंत्रालयाचा दंडक आहे. तो उगाच आलेला नाही. वर्षभर न खुपणारे गालिचे मार्चमध्ये अचानक जुने झालेले मी पाहिलेत.

एवढं वाचून शंका उरली, तर दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. प्रश्न मात्र नीट निवडा. "अमुक देशाशी वाटाघाटीत काय ठरलं?" असं विचाराल तर परराष्ट्र संबंधांना बाधा आणणारी माहिती नाकारू देणारं कलम ८(१)(अ) दाखवून नकार येईल. "अमुक दूतावासाची इमारत भाड्याची आहे की मालकीची, तीन वर्षांत भाडं किती दिलं, सरकारी भूखंड असूनही बांधकाम का सुरू झालं नाही?" असं विचारा. परराष्ट्र संबंध बिघडतील, असं कारण तिथे सहजी पुढे करता येत नाही. आपल्या खासदारालाही हेच प्रश्न लेखी पाठवा. लोकसभेत दिलेली उत्तरं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात, तिथे कुणी आधीच विचारलं आहे का ते अर्ज करण्यापूर्वी बघून घ्या.