हळदीचा सौदा आणि चुकलेलं टेबल: डेटाबेस शिकताना या चुका टाळा

मिनी प्रोजेक्टला येणाऱ्या मुलांना मी बहुतेक वेळा हळद सौद्याचाच विषय देतो. सांगलीत तो घरचाच आहे. कुणाचा मामा मार्केट यार्डात हमाली करतो, कुणाचे वडील हळद घेऊन येतात, आणि अडत दुकानातून मिळणारी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, जवळजवळ प्रत्येकाने हातात धरलेली असते. तरी चुका त्याच त्याच होतात. त्यातल्या निम्म्याअधिक तर संगणक सुरू करण्याआधीच झालेल्या असतात.

पहिला गोंधळ शब्दाचा. ‘आमचा डेटाबेस मायएसक्यूएल आहे’ असं मुलं सर्रास म्हणतात. दुकानातली वही म्हणजे डेटाबेस. ती सांभाळणारा दिवाणजी म्हणजे डीबीएमएस, डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर: कोणाला कुठलं पान दाखवायचं आणि दोघे एकाच वेळी लिहायला आले तर कोणाला थांबवायचं, हे तो ठरवतो. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल हे सगळे दिवाणजी. हा फरक परीक्षेपुरता नाही. झॅम्पमध्ये (आपल्याच संगणकावर सर्व्हर चालवायच्या सॉफ्टवेअर संचात) मायएसक्यूएल सुरू होत नाही, तेव्हा मुलं ‘डेटाबेस उडाला’ म्हणून घाबरतात आणि डेटा फोल्डरमधल्या फाइली पुसून टाकतात. बऱ्याचदा आधी टाकलेलं दुसरं मायएसक्यूएल ३३०६ हे पोर्ट, म्हणजे मायएसक्यूएलचं ठरलेलं दार, अडवून बसलेलं असतं. दिवाणजी आला नाही म्हणून कोणी वही जाळत नाही. आधी पोर्ट बघा, एरर लॉग वाचा.

एकाच टेबलात सगळं

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून जरा थांबून सांगतो. मुलं एक लांबलचक टेबल करतात: शेतकऱ्याचं नाव, गाव, तालुका, मोबाइल, लॉट (सौद्याला लावलेला ढीग) नंबर, पोती, वजन, भाव, खरेदीदार. दिसायला एक्सेलसारखं, म्हणून ओळखीचं वाटतं. मग एकाच शेतकऱ्याचे पाच लॉट आले की त्याचं गाव पाच वेळा लिहिलं जातं, आणि ते पाचही वेळा सारखं नसतं. एका मुलीच्या टेबलात ‘कवठेमहांकाळ’, ‘कवठे महांकाळ’ आणि ‘क. महांकाळ’ असे तीन तालुके निघाले होते. तालुकावार बेरीज काढली तर एकाच तालुक्याच्या तीन ओळी आल्या. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, बरोबर होती, टेबल चुकलं होतं.

इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं, तेव्हा गावांचं वेगळं टेबल असणाऱ्याला एकच ओळ बदलावी लागली. बाकीच्यांना प्रत्येक लॉट शोधत बसावं लागलं. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत) मांडलं आणि पुढे नॉर्मलायझेशनचे, म्हणजे टेबलं नीट फोडायचे, नियम दिले, ते याच दुखण्यावर. माझं ऐका, टेबल बनवण्याआधी कागदावर लिहा: या टेबलातली एक ओळ म्हणजे नक्की काय? ‘एक शेतकरी’, ‘एक लॉट’, ‘एक गाव’ असं दोन शब्दांत उत्तर आलं तर पुढे जा. उत्तरात ‘आणि’ आला की बहुधा टेबल फोडायची वेळ झालेली असते.

लॉट१, लॉट२, लॉट३ असे कॉलम करणं ही त्याच चुकीची धाकटी बहीण. चौथा लॉट येतोच.

की आणि कॉलमचा प्रकार

नावाला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, करू नका. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे दोन पाटील सहज सापडतात, आणि दुसऱ्याची नोंद करताना १०६२ क्रमांकाची (‘ही नोंद आधीच आहे’ अशी) एरर येते. साधा आयडी द्या.

मोबाइल नंबर इंटिजरमध्ये (पूर्णांकाच्या कॉलममध्ये) ठेवला तर त्याची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. आपले नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळेच मर्यादेबाहेर. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा आकडा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर एरर न देता प्रत्येक शेतकऱ्यापुढे हाच आकडा बसतो. ज्या आकड्यांची बेरीज करायची नसते, ते व्हारकॅरमध्ये, म्हणजे मजकुराच्या कॉलममध्ये, ठेवा. पैसे फ्लोटमध्ये (अंदाजे दशांश आकड्याच्या प्रकारात) नकोत. त्यात साधारण ७ अंकच नीट टिकतात, पुढे पैसे हलतात. रकमेला डेसिमल, म्हणजे नेमका दशांश, वापरा. शेतकऱ्याच्या पट्टीत एक रुपयाही इकडेतिकडे झालेला मला चालत नाही, तुम्हालाही चालू नये.

सौदा न झालेला लॉट

भाव ठरलेला नाही म्हणून मुलं तिथे शून्य टाकतात. समजा दोन लॉट १४,००० आणि १६,००० रुपये क्विंटलने गेले, तिसरा शिल्लक आहे. शून्य टाकलं तर सरासरी १०,००० येते, नल (रिकामी जागा) ठेवलं तर १५,०००, कारण सरासरी काढताना नल धरलं जात नाही. शून्य म्हणजे फुकट दिला, नल म्हणजे अजून माहीत नाही. आणि असे लॉट शोधताना ‘= नल’ लिहिलं तर एकही ओळ येणार नाही, ‘इज नल’ लिहावं लागतं.

डिलीट (पुसणं) किंवा अपडेट (बदलणं) चालवण्याआधी तोच व्हेअर, म्हणजे कुठल्या ओळी ते सांगणारी अट, लावून सिलेक्ट (नुसतं बघणं) चालवा, किती ओळी येतात ते मोजा. व्हेअर राहिला तर अख्खं टेबल जातं. १४५१ ची एरर आली की फॉरेन कीची, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्याच्या ओळीकडे जाणाऱ्या दुव्याची, तपासणी बंद करायचा मोह होतो, तो करू नका. ज्याचे लॉट अजून वहीत आहेत असा शेतकरी तुम्ही पुसत आहात, एवढंच ती सांगते.

मराठी नावांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर टेबल आणि कनेक्शन दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवणारी अक्षरपद्धत) लावा. प्रश्नचिन्हं म्हणून साठलेली नावं मात्र परत येत नाहीत, पुन्हा भरावी लागतात.

शेवटी बॅकअप. २००५ च्या महापुरात सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, पाणी शिरलं आणि साठवलेली हळद खराब झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा पुन्हा शहरात आली. बॅकअपचा पेनड्राइव्ह संगणक ठेवलेल्या टेबलाच्याच खणात असेल तर तो संगणकाबरोबरच भिजेल. चालू सर्व्हरचा डेटा फोल्डर नुसता कॉपी करणं म्हणजेही बॅकअप नव्हे. मायएसक्यूएलडम्पने (मायएसक्यूएलसोबत येणाऱ्या बॅकअपच्या प्रोग्रॅमने) फाइल काढा, ती दुसऱ्या जागी ठेवा, आणि सबमिशनच्या आधी मित्राच्या लॅपटॉपवर चढवून बघा: लॉट तेवढेच आहेत का, आणि पट्ट्यांची बेरीज जुळते का.