निकेलची जाळी आणि नायट्रोजन, एकाच वेळात
इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या प्रयोगात इलेक्ट्रोड म्हणून वापरायच्या निकेलच्या जाळीला बोटं लागली की तेलकटपणा राहतो आणि कोटिंग डागाडागाचं बसतं, त्यात सोल्युशनमधला ऑक्सिजन रीडिंग बिघडवतो ते वेगळंच.

१. जाळी कापून झाली की पुढे चिमट्यानेच धरायची. अॅसिटोनमध्ये १० मिनिटं सोनिकेट (अल्ट्रासाउंड लहरींनी साफ), पाण्याने धुऊन ३ मोलर हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये १० मिनिटं, मळकट करडी तार चकचकीत दिसायला लागते, मग डीआय वॉटरने (आयन काढलेल्या शुद्ध पाण्याने) ३-४ वेळा धुवून लगेच वापरायची, उघडी ठेवली की परत ऑक्साइड धरतं.

२. जाळी सोनिकेटरमध्ये टाकतानाच सेलमध्ये (सोल्युशन आणि इलेक्ट्रोडच्या भांड्यात) ऑक्सिजन हाकलायला नायट्रोजन चालू करा, नळी तळाशी, अर्धा तास. रीडिंग घेताना गॅस बंद नका करू, फक्त नळी सोल्युशनच्या वर उचला, नाहीतर बुडबुड्यांनी करंट नाचत राहतो.

सेलमधून गॅस बाहेर जायला वाट ठेवाच, आणि अॅसिडचं काम फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात).