ट्रेलरची बॅटरी अर्धपोटी ठेवू नका: या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोत, विजेची सोय नसलेल्या कॅम्पग्राउंडवर पहाटे तीनला आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरचा (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचा) फर्नेस, म्हणजे गॅसवरचा हीटर, बंद पडला. सिलिंडरमध्ये गॅस भरपूर होता. पण गरम हवा फिरवणारा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, आणि तो मंदावला की सुरक्षेचा स्विच गॅस पेटूच देत नाही. उजाडल्यावर मीटर लावला: ११.६ व्होल्ट. पोरं पांघरुणात कुडकुडत होती. आदल्या दिवशी पाच तास गाडी चालवली, तेवढ्यात बॅटरी भरली असेल, असं मी धरून चाललो होतो.

ती भरत नाही. गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधून वीज येते, पण बारीक, लांबलचक वायरीत व्होल्टेज पडतं आणि बॅटरीपर्यंत जेमतेम काही अँपिअर पोचतात. त्यात फ्रिज बॅटरीवर ठेवलात तर तो आलेलं सगळं खाऊन वर आणखी ओढतो. निघण्याआधी घरी पूर्ण दिवस ट्रेलर घरच्या विजेला लावून ठेवा. एक रात्र पुरेलच असं नाही, कारण लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर चढते आणि उरलेल्या २० टक्क्यांना कित्येक तास घेते. तासभर जनरेटर चालवून 'झालं चार्जिंग' म्हणणारे इथेच फसतात. अशी अर्धपोटी राहिलेली बॅटरी सल्फेट धरते, म्हणजे आतल्या प्लेटांवर कठीण थर बसतो, मग नंतर कितीही चार्ज करा, गेलेली क्षमता सहसा परत येत नाही. माझ्या मते म्हातारपणापेक्षा जास्त बॅटऱ्या याच कारणाने मरतात.

मीटर चार्जर काढल्या काढल्या लावू नका, आकडा फुगलेला दिसतो. काही तास थांबा. लेड-ॲसिडला १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. त्याच्या खाली उतरवू नका.

विकत घेताना 'मरीन' (बोटीसाठीची) या शब्दावर जाऊ नका. तशा बऱ्याच बॅटऱ्यांची रचना अर्धी तरी इंजिन सुरू करण्याच्या कामासाठीच असते. अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते ते, विचारा. गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकामागे एक, १२ व्होल्टसाठी) जोडल्या तर २०० च्या वर अँपिअर-अवर मिळतात आणि त्या खोल डिस्चार्ज सोसतात. लिथियम हलकी आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. पण ट्रेलरमधला जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा) १३.६ व्होल्टच देत असेल तर ती नीट भरत नाही, तिला १४.४ च्या आसपास लागतात. शून्य अंश सेल्सियसच्या खाली तर ती चार्ज करूच नये. हिवाळ्यात हिंडणाऱ्यांनी आत हीटर असलेली लिथियम घ्यावी.

ट्रेलर अंगणात उभा असला तरी गॅस डिटेक्टर बॅटरी खातच असतो. बॅटरी तोडणारा डिस्कनेक्ट स्विच बंद करा. उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी कडाक्याच्या थंडीत गोठून फुटते, भरलेली तग धरते. झाकणं असलेल्या लेड-ॲसिड बॅटरीची झाकणं उघडून पाणी बघत जा. डिस्टिल्ड वॉटरच घाला, आणि तेही चार्जिंग झाल्यावर. आधी काठोकाठ भरलंत तर चार्ज होताना ॲसिड वर येऊन ट्रे गंजतो.