कोयता निवडताना आणि कमरेला लावताना या चुका टाळा

रानात मुक्काम करणारी, तीन दगडांची चूल मांडणारी, बांबू-कारवीचा आडोसा उभा करणारी मंडळी आता गावोगावी भेटतात. यातले बहुतेक जण आधी पातं विकत घेतात आणि म्यान म्हणून त्याच्यासोबत जे येईल ते चालवून घेतात. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. मुक्कामाच्या दिवशी कोयता प्रत्यक्ष हातात फार तर तासभर असतो. बाकीचा सगळा वेळ तो कमरेला, पाठीवर नाहीतर पिशवीत असतो, आणि घसरणं, वाकणं, टेकणं, ओढा ओलांडणं हे सगळं त्याच वेळात होतं. म्हणून कोयता कशात आणि कुठे राहणार हे आधी ठरवा, मग पात्याकडे वळा.

दुसऱ्या रानासाठी घडवलेलं पातं

ऑनलाइन दुकानात ‘मशेटी’ म्हणून शोधलं की अठरा इंची, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचं लांब पातं समोर येतं. हे हत्यार मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. ब्राझीलची ट्रामोंटिना अशी पाती मोठ्या प्रमाणावर बनवते आणि ती उत्तम असतात. गवत, ऊस, ओल्या वेली, केळीसारखी मऊ खोडं यांवर ते पातं वेगाच्या जोरावर चालतं, वजनाची गरज पडत नाही.

सह्याद्रीत आपल्यापुढे काय असतं? वाळलेला बांबू, कारवीच्या काठ्या, घाणेरीचं जाळं, रानमोडी आणि चुलीसाठी पडलेल्या फांद्या. वाळक्या बांबूवर पातळ पातं उसळतं, गाठीत अडकलं की पिळवटतं. इथे कोकणातला कोयता सरस ठरतो. पातं दहा-बारा इंच, पाठ पाच-सहा मिलिमीटर जाड, वजन पुढच्या बाजूला आणि टोक आत वळलेलं. ते वळलेलं टोक शोभेसाठी नाही. जमिनीलगत घाव घालताना धार दगडावर आपटण्याआधी टोक टेकतं, आणि काटेरी फांदी हात न लावता ओढून घेता येते.

कोयता म्हटला की सगळे एकच, असंही समजू नका. ऊसतोडीचा कोयता रुंद, पातळ आणि हलका असतो, कारण तो दिवसभर वाकून चालवायचा असतो. ऊसतोडीच्या मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, इतकं ते अवजार त्या कामाशी बांधलेलं आहे. त्याने सरपण फोडायला गेलात तर धार दुमडेल.

लांबीचा मोहही सोडा. कोयता हातात धरून हात खांद्याच्या रेषेत लांब करा आणि सावकाश वीसपर्यंत मोजा. मनगट लवायला लागलं, तर तो तुमच्यासाठी जड आहे. थकलेल्या मनगटाचा घाव भलतीकडे जातो.

काळा रंग, पाठीला करवतीचे दात आणि मुठीत होकायंत्र असलेली पाती सरळ टाळा. पाठीवर लाकडाने ठोकून सरपण फोडणं हे मोठ्या पात्याचं मुख्य काम, आणि दातांमुळे नेमकं तेच बंद होतं. शिवाय ते दात म्यान आतून फाडत राहतात. अशा पात्यांत मुठीच्या आत बहुधा बारीक सळई डकवलेली असते आणि ती नको त्या वेळी तुटते.

आठवडा बाजारात लोहाराकडून घेत असाल तर कमानपाट्याचा कोयता मागा. ट्रकच्या स्प्रिंगचं पोलाद चिवट असतं, धारही धरतं. पातं डोळ्यासमोर आडवं धरून पाठ सरळ आहे का बघा. धारेवर कानस हलकेच फिरवा. ती काचेवरून घसरल्यासारखी निसटली तर पाणी जास्त चढलंय, म्हणजे पातं गरजेपेक्षा कडक झालंय, धारेचे तुकडे उडतील. लोण्यासारखी रुतली तर पातं मऊ आहे. थोडं अडत, थोडं खात गेली तर घ्या. मुठीच्या तोंडाशी बसवलेली शेंबी, म्हणजे लोखंडी कडं, बोटाने हलता कामा नये.

म्यान: जिथे खरी चूक होते

वळलेल्या टोकाचा कोयता नेहमीच्या सरळ म्यानात बसत नाही. पातं पुढे रुंद आणि मुठीकडे अरुंद असल्याने, म्यानाचं तोंड रुंद ठेवलं तर कोयता आत खुळखुळतो आणि अरुंद ठेवलं तर आत शिरतच नाही. त्याला पाठीच्या बाजूने उघडणारं म्यान लागतं. पातं बाजूने आत सरकवायचं आणि वर दोन पट्टे बटणाने आवळायचे. हे ठाऊक नसल्यामुळे लोक कोयता गोणपाटात गुंडाळून पिशवीला दोरीने बांधतात, आणि अर्ध्या वाटेत धार गोणपाटातून बाहेर डोकावू लागते.

सोबत मिळणारं पातळ नायलॉनचं कव्हर दुकानाच्या खिळ्यावर टांगण्यापुरतं असतं. धार त्याची शिवण आतून कापते, आणि बाहेरून ते कळतही नाही. कुठलंही म्यान घेताना धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये जाड पट्टी शिवलेली आहे का, हे आधी पाहा. धार त्या पट्टीवर टेकायला हवी, दोऱ्यावर नाही. पट्टी नसेल तर चांभाराकडून घालून घ्या. तांब्याच्या रिबिटी मारून घेतल्या तर आणखी उत्तम.

चामडं की प्लास्टिक? आपल्या पावसात मी चामड्याची बाजू घेणार नाही. जून ते सप्टेंबर चामडं वाळतच नाही, त्याला बुरशी धरते, आणि ओल्या चामड्यात ठेवलेल्या पोलादावर रात्रीत तांबूस डाग उठतात. कोरड्या दिवसांत ते छान आहे. सरळ पात्यासाठी स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे पीव्हीसी पाइपचा तुकडा. तो उकळत्या पाण्यात मऊ करून दोन फळ्यांमध्ये दाबला की चपटा होतो. खाली पाणी निघून जायला भोक ठेवा. पाइप उघड्या जाळावर मात्र धरू नका, पीव्हीसी करपलं की त्याचा धूर विषारी असतो.

आकडी वापरावी का?

कोकणात कमरेमागे दोरीने बांधलेली लाकडी आकडी असते. तिच्या खाचेत कोयता अडकवला की पातं मागे उघडंच लोंबतं. माडावर चढणाऱ्यासाठी याहून सोयीचं काही नाही. दोन्ही हात मोकळे राहतात आणि एका हाताने कोयता काढता-लावता येतो. पण ज्याच्या कमरेला ती आहे तो माणूस वर्षानुवर्षं ती बाळगतो, पाठीवर काही घेत नाही, आणि बसण्याआधी कोयता काढून ठेवणं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

तुम्ही पंधरा किलोची सॅक घेऊन ओल्या घसाऱ्यावरून उतरणार असाल, तर आकडी नको. घसरणारा माणूस बहुधा मागे, बुडावर पडतो, आणि आकडीतलं उघडं पातं नेमकं तिथेच असतं. मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर, सॅक उतरवून सरपणाला जाताना आकडी खुशाल बांधा. चालताना कोयता म्यानातच हवा.

म्यान कमरेला लावायचं तर ते सॅकच्या कमरपट्ट्याखाली चेंगरणार नाही असं, लोंबत्या पट्टीवर घ्या. मूठ कमरेच्या उंचीवर, टोक गुडघ्याच्या वर आणि धार मागच्या बाजूला. टोक गुडघ्याखाली गेलं की दर पावलाला म्यान पायात येतं. लांब पात्याला खांद्यावरून तिरपा पट्टा बरा. दिवसभर नुसतंच चालायचं असेल तर कोयता म्यानासकट सॅकच्या बाजूला उभा बांधा, मूठ वर आणि पट्टा आवळलेला.

काढताना आणि लावताना

बोटं कापतात ती बहुतेक इथे. म्यान मुठीत गच्च धरून कोयता ओढला की धार शिवण चिरून थेट तळहातात उतरते. म्यान नेहमी पाठीच्या बाजूने धरा, बोटं धारेकडे वळू देऊ नका. परत ठेवताना बोलणं थांबवा, चालणं थांबवा आणि पात्याकडे बघा. अंधारात चाचपडत कोयता म्यानात घालण्यापेक्षा तो पडलेल्या ओंडक्यात रुतवून ठेवलेला बरा, तोही सगळ्यांना दिसेल अशा जागी.

मनगटाला दोरीचा फास घालून कोयता चालवायची सवय अनेकांना असते. मला ती धोक्याची वाटते. हातातून सुटलेला कोयता दूर पडायला हवा. फासामुळे तो लोंबकळत मांडीकडे वळतो. मूठ निसटत असेल तर घाम पुसा, मुठीला सुतळी गुंडाळा.

कारवी किंवा बांबूची काठी तिरकी छाटून वर टोकदार खुंट सोडणं ही आणखी एक चूक, आणि तिची शिक्षा मागून येणाऱ्याला होते. खुंट जमिनीलगत सपाट कापा.

कायद्याची बाजू

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका. शस्त्र कायदा, १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून शेतीचा कोयता आणि लढाईच्या थाटाचं पातं यांत कायद्याच्या नजरेनेही फरक पडतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल, तर सार्वजनिक जागी पातं घेऊन फिरणं अंगाशी येतं. पुण्यात कोयता दाखवून दहशत माजवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्यांनंतर पोलिसांची नजर या अवजारावर आहेच. शहरातून जाताना कोयता म्यानात, म्यान कापडात आणि ते सॅकच्या तळाशी ठेवा. चहाच्या टपरीवर कमरेला लावून उभं राहू नका. मेट्रोने जाणार असाल तर कोयता घरीच ठेवा.

अभयारण्यात तर प्रश्नच मिटतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, राधानगरी, कोयना या सगळ्या भटक्यांच्या आवडत्या जागा अभयारण्यांत येतात. राखीव जंगलातही झाड तोडणं गुन्हा आहे. सराव करायचा तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर, त्याला विचारून, पडलेल्या लाकडावर करा. मालकाच्या जमिनीतही साग, खैर, आंबा यांसारख्या झाडांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

काही बिघडलं तर

धार लावताना पात्यावर निळा पट्टा उठला असेल, तर ग्राइंडरने तिथलं पोलाद तापून मऊ झालंय. तो भाग झिजून जाईपर्यंत धार तिथे टिकणार नाही. पुढच्या वेळी कानस आणि पाणी लावलेला दगड वापरा, हाताने. दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस अंशांचा कोन पुरतो. वस्तऱ्यासारखी बारीक धार बांबूच्या पहिल्याच गाठीला दुमडते.

दर घावाला तळहात झिणझिणत असेल तर घाव पात्याच्या टोकाशी किंवा मुठीजवळ बसतोय. पात्याचा पुढचा तिसरा हिस्सा वापरून पाहा, जागा हाताला आपोआप सापडते.

मूठ हलायला लागली की लोक कोयता रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगतं, मूठ सकाळी घट्ट वाटते, पण वाळल्यावर आधीपेक्षा जास्त सैल होते. लाख वितळवून भरा, किंवा लोहाराकडून शेंबी ठोकून घ्या. हलत्या मुठीचा कोयता तोवर वापरू नका.

घरी आल्यावर कोयता म्यानातून बाहेर काढा, पुसा, तेलाचा हात फिरवा आणि तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवा. म्यान वेगळं, उलटं टांगून वाळवा. प्रथमोपचाराच्या डब्यातलं बँडेज आणि जाड गॉझ सॅकच्या तळाशी न ठेवता पट्ट्यावरच्या खिशात, एका हाताने काढता येईल असं ठेवा. खोल कापलं तर जखम धुण्यात वेळ घालवू नका, गॉझ ठेवून जोरात दाबून धरा, हात वर करा आणि १०८ ला फोन करा. डोंगरात रेंज नसते, म्हणून शेवटची रेंज कुठल्या वळणावर होती हे वर चढतानाच सोबतच्या दोघांना सांगून ठेवा.